दुकानातील मांजर एकटे राहत नाही, मालाची नासाडी करते : कारणे आणि उपाय

व्यापार-उद्योगाच्या या पानावर मांजराचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्यांचे धान्याचे, कापडाचे, कागदाचे किंवा चामड्याचे दुकान आहे, ज्यांचा शिवणकामाचा किंवा जरीकामाचा कारखाना आहे, त्यांना तसे वाटणार नाही. उंदीर एका रात्रीत तागे कुरतडतो, पोत्यांना भोके पाडतो, विजेच्या तारा तोडतो. म्हणून आपल्या बाजारपेठांत पिढ्यान्‌पिढ्या मांजर पाळले जाते. हजेरीपुस्तकात त्याचे नाव नसते, पण मालाच्या रखवालीत त्याचा वाटा असतो.

हेच मांजर कधी कधी डोकेदुखी होऊन बसते. मालक उठला की ते मागे धावते. मालक नमाजला निघाला की पायांत घोटाळते. शटर खाली आले की आत रडत बसते, शेजारचे दुकानदार तक्रार करतात. सकाळी दुकान उघडावे तर गादीवर लघवी केलेली, दोन-चार तागे नखांनी ओरबाडलेले, लग्नसराईचा महागडा माल वासाने बाद झालेला. पहिल्या वेळी मालक सोसतो, दुसऱ्या वेळी काठी उचलतो, तिसऱ्या वेळी नोकराला सांगतो, "पोत्यात घाल आणि खाडीपलीकडे सोडून ये."

या तिसऱ्या टप्प्याला पोहोचण्याआधी वाचकांनी हा लेख वाचावा, एवढ्यासाठी आम्ही हा विषय घेतला आहे. मांजराची ही खोड बहुतेक वेळा सुधारता येते. तिला खर्च थोडा लागतो, धीर मात्र लागतो.

दीन काय सांगतो, कायदा काय सांगतो

एका स्त्रीने मांजर कोंडून ठेवले, त्याला खाऊपिऊ घातले नाही, आणि स्वतःचे पोट भरण्यासाठी मोकळेही सोडले नाही. ते मेले आणि ती स्त्री अजाबास पात्र ठरली. ही हदीस सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ती ऐकलेली आहे. दुसरी हदीस हजरत अबू कतादा (रजि.) यांच्याकडून आली आहे. त्यांच्या वुजूच्या पाण्याला मांजराने तोंड लावले, तेव्हा त्यांनी ते भांडे त्याच्यासाठी कलते केले. मांजर नापाक नाही, ते तुमच्या घरात सतत वावरणाऱ्यांपैकी आहे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितल्याचे त्यांनी कळविले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मांजराचे उष्टे आणि मांजराची लघवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लघवी नापाकच आहे. ज्या दुकानात जानमाज अंथरून नमाज अदा केली जाते, तेथे हा प्रश्न केवळ मालाचा राहत नाही. कपडे आणि जागा पाक करण्याचे तपशीलवार मसाइल आपल्या मशिदीतील आलिमांना विचारावेत.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्रीय कायदा १९६० चा आहे. प्राणी भुकेने किंवा तहानेने तडफडेल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा त्या कायद्याच्या ११व्या कलमाप्रमाणे गुन्हा आहे. खाडीपलीकडे सोडलेले दुकानातील मांजर त्याच स्थितीत सापडते. आयते खाणे, ओळखीची जागा आणि ओळखीची माणसे एवढेच त्याचे जग असते. अनोळखी भागात त्याला तिथली मांजरे आणि कुत्री टिकू देत नाहीत.

मांजर बदला घेते काय?

"आम्ही गावी गेलो म्हणून रागाने गादीवर मुतले," असे अनेक दुकानदार म्हणतात. हा समज चुकीचा आहे, आणि याच समजापोटी मार दिला जातो.

मांजर माणसाशी माया करीत नाही, ते फक्त जागेशी बांधलेले असते, असे पूर्वी सर्रास मानले जाई. अमेरिकेतील ओरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेगळे चित्र दिसले. अनोळखी खोलीत पिल्लांना मालकाबरोबर ठेवले, मग दोन मिनिटे एकटे सोडले, मग मालक परत आला. मालक येताच सुमारे दोन-तृतीयांश पिल्ले शांत झाली आणि खोलीत हिंडूफिरू लागली. उरलेली मात्र मालकाला चिकटून राहिली किंवा त्याच्यापासून दूर पळाली. म्हणजे बहुतेक मांजरांना मालकाचा आधार वाटतो. हा आधार पक्का असेल तर मांजर एकटेही राहू शकते. आधार डळमळीत असेल तर ते चिकटते.

मालक दूर गेल्यावर मांजराला होणारी ही भीती पशुवैद्यकांनी नोंदवून ठेवली आहे. अमेरिकेत २००२ साली अशा १३६ मांजरांची माहिती प्रसिद्ध झाली. ज्या मांजरांनी भलत्याच जागी लघवी केली होती, त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश मांजरांनी ती फक्त मालकाच्या बिछान्यावरच केली होती. ब्राझीलमध्ये २०२० साली २२३ मांजरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतील ३० मांजरांमध्ये मालकाच्या गैरहजेरीशी जोडलेला काही ना काही त्रास आढळला. वस्तूंची नासधूस, सतत ओरडणे आणि नको तेथे लघवी हे तीन प्रकार त्यांत सर्वाधिक होते.

आता गादीचे कोडे उलगडते. दुकानात मालकाचा सर्वांत जास्त वास कोठे असतो? त्याच्या गादीला, खुंटीवरच्या सदरीला, जानमाजला. घाबरलेले मांजर ज्या वासात त्याला धीर वाटतो तेथे जाते आणि आपला वास त्यात मिसळते. त्यात मालकाचा अपमान करण्याचा हेतू नसतो. तुम्ही सकाळी येऊन मारता तेव्हा रात्रीच्या लघवीशी त्या माराचा संबंध त्याला जोडता येत नाही. मालक आला की मार बसतो, एवढेच ते शिकते. भीती वाढते, आणि भीती वाढली की लघवीही वाढते.

ही खोड लागते कशी?

पहिले कारण, पिल्लू फार लवकर आईपासून तोडले जाते. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांची आणि जगाची ओळख करून घेते, आणि त्याच काळात आईकडून वळणही शिकते. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात साडेपाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती तपासली गेली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये चावरेपणा अधिक आढळला. तेव्हा गोदामासाठी डोळे नुकतेच उघडलेले पिल्लू आणू नये. निदान दोन महिने ते आईपाशी राहू द्यावे, तीन महिने राहिले तर उत्तमच.

दुसरे कारण, सोबतीत एकदम पडणारा खंड. आपल्या व्यवसायात हा खंड दरवर्षी ठरलेला आहे. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत कापडबाजार मध्यरात्रीनंतरही उघडा असतो. शिलाई आणि जरीच्या कारखान्यांत कारागीर तेथेच राहतात, तेथेच सेहरी-इफ्तार करतात. मांजराला चोवीस तास माणसांची सोबत आणि ताटातला घास मिळतो. मग ईद येते. कारागीर उत्तर प्रदेश, बिहार, बंगालमधील आपापल्या गावी जातात, शटर चार-आठ दिवस बंद राहते. मांजराच्या दृष्टीने जग एका रात्रीत रिकामे होते. २०२० च्या टाळेबंदीत घरी पाळलेल्या पिल्लांचेही हेच झाले. घरात सतत माणसे होती, नंतर सर्व जण आपापल्या कामाला गेले.

तिसरे कारण, जागा बदलणे. रस्तारुंदी किंवा पुनर्विकासामुळे दुकान हलते. भेंडी बाजारच्या पुनर्विकासात अनेक दुकाने तात्पुरत्या जागी गेली. नव्या जागेत मांजराच्या ओळखीची उरलेली गोष्ट एकच असते, ती म्हणजे मालक. म्हणून ते त्याला सोडत नाही.

चौथे कारण आपण स्वतः निर्माण करतो. मांजर रडले की उचलून घेतो, खायला घालतो. ओरडले की काम होते, हा हिशेब मांजराला लवकर कळतो.

आधी आजार तपासा

खोड समजून औषधोपचार टाळला तर जीव जाऊ शकतो. म्हणून पुढील गोष्टी प्रथम पाहाव्यात.

बोका वारंवार लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबभरच लघवी होते किंवा होतच नाही, तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला असण्याचा संभव आहे. हा तातडीचा आजार आहे, एक-दोन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दहा वर्षांपुढचे मांजर एकाएकी रात्री ओरडू लागले, भरपूर खाऊनही वाळू लागले, तर थायरॉईडचा विकार असू शकतो. फार पाणी पिऊन फार लघवी करीत असेल तर मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार संभवतो. मालक गावी गेल्यावर मांजराने दोन दिवस अन्नाला तोंडच लावले नाही, तर तेही गंभीर समजावे. उपाशी मांजराचे यकृत फार लवकर बिघडते, विशेषतः ते लठ्ठ असेल तर.

बोका उभा राहून शेपटी ताठ करून भिंतीवर किंवा उभ्या ताग्यांवर पिचकारी मारीत असेल, तर तो बहुधा आपल्या हद्दीची खूण करतो. हा प्रकार भीतीच्या लघवीहून वेगळा आहे. नसबंदीनंतर बहुतेक बोक्यांची ही सवय जाते. नसबंदीच्या जायज-नाजायजबद्दल विचारणा होते. प्राण्याचे किंवा माणसाचे हित असेल तर अनेक हनफी उलमांनी तिला परवानगी दिली आहे. आपापल्या मसलकाच्या मुफ्तींना विचारून निर्णय घ्यावा.

तालुक्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय, ज्याला जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, तेथेही मांजरे तपासली जातात.

आजार नाही असे डॉक्टरांनी सांगितले की मग खोडीकडे वळावे. आज बहुतेक दुकानांत चोरीच्या भीतीने कॅमेरे बसविलेले आहेत. शटर पडल्यानंतरचा निदान एक तास त्यात पाहावा. मांजर थोडे फिरून झोपी गेले, तर एकटेपणाची भीती नाही, बिघाड दुसऱ्या कशात तरी आहे. ते शटरपाशी बसून ओरडते, येरझाऱ्या घालते, शटर ओरबाडते, अंगाचे केस जाईपर्यंत चाटत बसते, गादीवर लघवी करते, तर हा लेख त्याच्यासाठी आहे.

पहिले काम : जागा आणि माल

वास राहिला तर मांजर पुन्हा तेथेच जाणार. नाकाला वास येईनासा झाला म्हणून तो गेला असे समजू नये, मांजराचे नाक आपल्याहून पुष्कळ तीक्ष्ण आहे. फरशीवर फिनेल ओतण्याची आपली रीत येथे दोन कारणांनी बंद करावी. एक, फिनॉलवर्गीय द्रव मांजराला विषारी असतात. ते फरशीवरून चालते, पंजे चाटते आणि विष पोटात जाते. दुसरे, अमोनिया असलेल्या द्रवाचा वास लघवीसारखाच असल्याने मांजर तेथे पुन्हा ओढले जाते. एन्झाइमयुक्त कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यात विरघळवून जागा धुवावी, साध्या पाण्याने पुन्हा धुवावी आणि वाळू द्यावी. गादीचे अभ्रे धुऊन कडक उन्हात घालावेत. रेशमी किंवा जरीच्या मालावर घरगुती प्रयोग करू नयेत, तो जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावा.

दुकान बंद करताना गादीवर प्लास्टिकचे आच्छादन घालावे, सदरी व जानमाज कपाटात ठेवावी, महाग माल दाराआड ठेवावा. खोड सुटेपर्यंत नुकसान थांबविणे हा पहिला हिशेब आहे.

वाळूची पाटी : पुष्कळदा मांजराचा दोष नसतोच. रात्रभर कोंडलेल्या मांजराला जाण्यास जागाच नसते. प्लास्टिकचे पसरट घमेले किंवा टब घ्यावा, तो मांजराच्या लांबीच्या दीडपट असावा. त्यात तीन-चार बोटे बारीक वाळू किंवा माती घालावी. एका मांजरास दोन पाट्या, दोन मांजरांस तीन, असा ठोकताळा आहे. पाटी खाण्याच्या भांड्यापासून दूर, शिलाई मशीनच्या आवाजापासून बाजूला, शांत कोपऱ्यात ठेवावी. घाण रोज काढावी, वाळू नियमित बदलावी.

दुसरे काम : दिवसाचा क्रम

भित्र्या मांजराला सर्वांत मोठा आधार ठरलेल्या क्रमाचा असतो. येथे आपल्या व्यापारी बंधूंची एक सोय आहे. आपला दिवस नमाजच्या वेळांनी आधीच बांधलेला आहे. दुकान उघडल्यावर पहिले खाणे, असरनंतर थोडा खेळ, रात्री दुकान वाढविण्यापूर्वी पुन्हा खेळ आणि मग मोठे खाणे, असा क्रम लावावा. घड्याळाचे काटे ऋतूप्रमाणे मागेपुढे झाले तरी चालतील, एकामागून एक येणाऱ्या गोष्टींचा क्रम मोडू नये.

खेळ म्हणजे काठीला दोरी आणि दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटे पळविणे. मांजर शिकार करते, खाते, अंग चाटते आणि झोपते. हाच निसर्गक्रम आपण शटर पडण्याआधी घडवून आणला, तर ते झोपेच्या वाटेला लागते. खेळ संपल्यावर दोरी न विसरता कपाटात ठेवावी.

मागे करमण्यासाठी बाजारातील महाग खेळण्यांची गरज नाही. ताग्यांच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्यावी, तिला भोके पाडावीत, आत सुकी मासळी किंवा मांजराच्या खाद्याचे दाणे घालून टोके दुमडावीत. मांजर ते काढीत बसते. चपलांचे रिकामे खोके उपडे करून त्याला दार कापावे, लपण्याची जागा तयार होते. मांडणीच्या वरच्या फळीवर एक गोणपाट टाकून ठेवावे. उंचावरून दुकान दिसले की मांजर निर्धास्त बसते. ओरबाडण्यासाठी लाकडी खांबाला सुतळी गुंडाळून द्यावी, म्हणजे तागे वाचतील.

तिसरे काम : शटरची भीती मोडणे

हा उपायाचा गाभा आहे. मांजर आपल्या जाण्याच्या खुणा ओळखते. चाव्यांचा जुडगा वाजला, गल्ला बंद झाला, टोपी डोक्यावर चढली, शटर अर्धे आले की त्याच्या पोटात भीतीचा गोळा येतो. या खुणांतील भीती काढून घ्यायची आहे.

पहिल्या आठवड्यात दिवसातून दहा वेळा चाव्या उचलाव्यात आणि पुन्हा गादीवर बसावे. शटर अर्धे ओढावे आणि वर करावे. कोठेही जाऊ नये. मांजराने मान वर करून पाहणे सोडले की ती खूण बोथट झाली.

दुसऱ्या आठवड्यात शटरबाहेर पाऊल टाकावे. अर्धे मिनिट, मग एक मिनिट, मग दोन, मग पाच. मांजर रडू लागण्यापूर्वीच परत यावे, हा मुख्य नियम. रडल्यावर परत आलो तर रडण्याने मालक येतो असे ते शिकेल. रडलेच तर क्षणभर गप्प होण्याची वाट पाहून आत यावे आणि पुढच्या वेळी मुदत कमी करावी.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दहा, वीस, तीस मिनिटांपर्यंत जावे. नमाजला जाऊन येण्यास साधारण एवढाच वेळ लागतो. तोवर नमाजच्या वेळी एखादा नोकर दुकानात ठेवावा. मांजर वीस मिनिटे शांत राहू लागले की ही जमातीची वेळच त्याचा रोजचा सराव होते. त्यानंतर तास, दोन तास, अर्धा दिवस असे वाढवावे. उधारीच्या वहीसारखी एक छोटी वही ठेवून रोजची मुदत आणि मांजराचे वागणे लिहावे, म्हणजे घाई होणार नाही.

जाताना लाडीगोडी करू नये, येताच उचलून घेऊ नये. आल्यावर आपले काम पाच मिनिटे करावे, मांजर शांत बसले की मग हात फिरवावा. चिकटण्यावरही हाच इलाज आहे. गादीशेजारी एक स्टूल आणि त्यावर आपले जुने बनियन ठेवावे. मांजर त्यावर बसले की घास मिळेल, मांडीवर चढून ओरडल्यास काही मिळणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी स्टूल एक वीत दूर सरकवावे. सुरुवातीला ओरडणे वाढेल. जुनी युक्ती चालत नाही म्हणून मांजर अधिक जोर लावते. घरातील एकाने नेम पाळला आणि दुसऱ्याने दया दाखवून मोडला, तर खोड पूर्वीपेक्षा पक्की होते. म्हणून मालक, मुलगे, नोकर या सर्वांनी एकच रीत ठेवावी.

खाणे एकाच माणसाच्या हातून देऊ नये. मुनीम, कारागीर, शेजारचा दुकानदार यांच्या हातूनही द्यावे. मांजराचा सगळा भरवसा एकाच खात्यावर असला की ते खाते बंद पडताच त्याचे दिवाळे निघते.

सोबतीला दुसरे मांजर आणावे काय, असे विचारले जाते. घाईने आणू नये. अनोळखी मांजर हे सोबती नसून घुसखोर ठरण्याचा संभव असतो, आणि लघवीचा त्रास दुप्पट होतो.

धंद्यानुसार घ्यावयाची काळजी

घाबरलेले किंवा कंटाळलेले मांजर हाती लागेल ते चावते, म्हणून धंद्यातील धोके जाणून घ्यावेत. शिंपी आणि जरी कारागिरांनी धागा, सुई आणि कसब रात्री डब्यात बंद करावे. मांजराच्या जिभेवरील काट्यांमुळे धागा आतच ओढला जातो आणि आतडी कापतो. तोंडातून किंवा मागून धागा लोंबताना दिसला तर तो ओढू नये, डॉक्टरांकडे न्यावे. कापड व्यापाऱ्यांनी डांबराच्या गोळ्या मांजर असलेल्या जागी मोकळ्या ठेवू नयेत, त्या विषारी आहेत. अत्तर विक्रेत्यांनी तेलांचे फाये आणि सांडलेले थेंब पुसून घ्यावेत, अनेक सुगंधी तेले मांजराचे शरीर पचवू शकत नाही. जेथे मांजर आहे तेथे उंदराचे औषध टाकू नये, विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही मरते.

माणसांची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. फार भित्र्या मांजरांना डॉक्टर काही आठवडे मनाच्या भीतीवरील औषध देतात. ते डॉक्टरांनीच ठरवावे, आणि वर सांगितलेला सराव त्याबरोबर चालू ठेवावा.

मालक निघताना मांजर चावले किंवा त्याने ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जावे. मांजरालाही ही लस टोचून घ्यावी.

ईद, उमराह आणि हज

लांब सुट्टीची तयारी सुट्टीच्या दिवशी होत नाही. ईदच्या सुट्टीत कोण येऊन खाणे-पाणी घालणार, हे रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांआधी ठरवावे. त्या माणसाने निदान आठवडाभर आधीपासून रोज येऊन मांजराला खायला घालावे. हज किंवा उमराहला जाणाऱ्यांनी हा सराव महिनाभर आधी सुरू करावा. मांजर शक्यतो त्याच्या ओळखीच्या जागीच ठेवावे आणि माणसाला तेथे यायला सांगावे. माणसाने नुसते भांडे भरून जाऊ नये, दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे थांबावे. मालकाचे न धुतलेले बनियन किंवा चादर स्टुलावर राहू द्यावी.

साधारण सहा ते आठ आठवडे नेमाने हे केले तर बहुतेक मांजरांत फरक दिसू लागतो. एक घमेले, वाळू, पुठ्ठ्याच्या नळ्या आणि डॉक्टरांची एक फेरी, एवढाच हा खर्च आहे. गादीवर बाद झालेल्या एका भारी साडीच्या किमतीशी तो ताडून पाहावा.

एवढे करूनही एखाद्याचे मांजराशी जमलेच नाही, तर ते अशा माणसाच्या हाती द्यावे ज्याच्या घरी दिवसभर कोणी ना कोणी असते. त्याच्या खोडी लपवू नयेत, मालातील दोष गिऱ्हाइकाला सांगतो तसे सर्व सांगून द्यावे, आणि पहिले काही दिवस जाऊन पाहून यावे. पोते मात्र कोणी उचलू नये. ज्या जिवाला आपण आपल्या दारी आणले, त्याच्या भुकेचा आणि भीतीचा हिशेब आपल्याच खात्यावर आहे.